जुनी टाटामोबाईल २०६: काचेचं रबर नवीन, तरी डाव्या पायाशी पाणी कुठून येतं?

रोपवाली (बाळकुम)

नमस्कार मंडळी. बाबांची टाटामोबाईल २०६ पिकअप पुन्हा रस्त्यावर आणायचं काम काढलंय. आमची रोपवाटिका आहे. कुंड्या, शेणखत, लाल माती, लग्नाच्या मांडवातली झाडं, सगळं याच हौद्यातून ठाणेभर फिरलं. बाबांचे गुडघे गेले आणि गाडी शेडबाहेर गुलमोहराखाली उभी राहिली ती राहिलीच. आता इंजिन एका सेल्फमध्ये सुरू होतं, ब्रेकचं काम झालंय, हौद्याचा पत्रा बदललाय. बाबा रोज खुर्ची टाकून शेजारी बसतात आणि कुठला नट कुठे होता ते सांगतात. पाऊस संपायच्या आत त्यांना पुढच्या सीटवर बसवून येऊरला न्यायचंय.

अडलंय ते पाण्यापाशी. केबिनमध्ये डाव्या बाजूला, पाय ठेवतो तिथे, पाणी साचतं. उजवीकडे ड्रायव्हरच्या पायाशी खडखडीत कोरडं. तळपत्रा तिथे सडला होता, डेंटरने ठिगळ मारून दिलं. पुढच्या काचेचं रबर बदललं. काच बसवणाऱ्याने वरून सिलिकॉनही फिरवलं आणि आता थेंब येणार नाही म्हणाला. पुढच्याच सरीत मॅटखालचा नमदा (जाड लोकरीसारखा थर) पुन्हा ओला.

जे नजरेला आलं ते सांगते. पाऊस सुरू झाल्याझाल्या पाणी येत नाही, बऱ्याच वेळाने येतं. पाऊस थांबला तरी झिरपत राहतं. गाडी डावीकडे कललेली असली की जास्त. आणि पाणी स्वच्छ नसतं. तपकिरी, हाताला बुळबुळीत, त्यात केसाएवढ्या काड्या. गाडीला ए.सी. नाही, हीटर नाही. डॅशबोर्डच्या मागे टॉर्च मारून पाहिलं, पण सगळाच पत्रा ओलसर दिसतो, सुरुवात कुठे ते कळत नाही.

कुणी असं पाणी शोधलंय का? सगळं उचकटायच्या आधी कुठून सुरू करू?

ऐरोली_डिझेल

२०६ बघून बरं वाटलं, रस्त्यावर आता दिसतच नाही.

ए.सी. नाही हे बरं. ए.सी.वाल्या गाडीत त्याची निचऱ्याची नळी तुंबली तरी डाव्या पायाशीच पाणी येतं. हीटर असता तर कूलंटचाही संशय, पण ते चिकट असतं आणि गोडसर वास मारतं. तुमचं पावसाचंच आहे.

माझं मत, सध्या काचेभोवती चांगलं पी.यू. (पॉलियुरेथेन) सीलंट भरून पावसाळा काढा आणि शोधाशोध दिवाळीनंतर करा. धो-धो पावसात गाडी उघडून बसण्यात अर्थ नाही.

पत्रेकाम_कळवा

ताई, पी.यू.ची नळी अजून उघडू नका. ऐरोलीकरांचा हेतू चांगला आहे, पण पाणी कुठून येतं ते डोळ्यांनी दिसेपर्यंत कुठेही काहीही भरायचं नाही. भरलं की वाट बंद होत नाही, वाकडी होते. मग तेच पाणी दुसऱ्या कोपऱ्यात निघतं आणि शोध पहिल्यापासून. माझी उमर वागळे इस्टेटमध्ये बॉडीच्या कामात गेली. गळती लवकर बंद करायच्या नादात पत्रा सडलेल्या गाड्या खूप पाहिल्या, म्हणून इतकं लिहितोय.

तुम्ही जे टिपलंय त्यातच निम्मं उत्तर आहे. काचेच्या रबरातून येणारं पाणी पावसाबरोबर सुरू होतं, पावसाबरोबर थांबतं, आणि स्वच्छ असतं. तुमचं पाणी उशिरा येतं आणि पाऊस थांबल्यावरही येत राहतं. म्हणजे आधी कुठेतरी साठतंय, भरलं की सांडतंय. गाडी डावीकडे कलली की वाढतं, म्हणजे साठा डाव्या अंगाला आहे. आणि तपकिरी बुळबुळीत पाणी म्हणजे कुजलेला पाला. गाडी गुलमोहराखाली होती असं तुम्हीच लिहिलंय. गुलमोहराचं पान म्हणजे तांदळाएवढ्या पानोळ्यांची रास. ती कुठल्याही जाळीतून आत जाते.

पुढच्या काचेच्या खाली, बॉनेटच्या मागे जाळी आहे ना, तिच्याखाली पत्र्याची बंद पेटी असते. तिला काउल म्हणतात. काचेवरून ओघळणारं सगळं पाणी या पेटीत उतरतं आणि दोन्ही टोकांच्या भोकांतून मडगार्डच्या आत खाली जातं. या पेटीत पाणी यायचंच असतं, फक्त साचायचं नसतं. टोक तुंबलं की पाणी चढतं, आणि केबिनमध्ये हवा घेणाऱ्या तोंडातून किंवा सडलेल्या जोडातून आत उतरतं.

आता तपासणी. सीट, मॅट, नमदा सगळं बाहेर काढा. तळपत्र्यावर चिकटवलेली डांबरी शीट सुटली असेल तर तीही, तिच्याखाली पाणी महिनोन्महिने दडून राहतं. पत्रा पुसून, पंखा लावून पूर्ण कोरडा करा. मग डॅशबोर्डखालच्या उभ्या पत्र्यावर, दोन्ही कडेच्या खांबांच्या पायथ्याशी आणि जोडांवर खडूची पूड किंवा साधी टाल्कम पावडर भुरभुरवा. पाणी जिथून उतरेल तिथे पावडरीत रेघ पडेल. ती रेघ धरून वर जायचं. खालचा ओला भाग बघत बसू नका. पाणी पत्र्याच्या मागून, वायरीवरून, खांबाच्या आतून हात-दोन हात चालत येतं आणि भलतीकडेच टपकतं.

एक माणूस आत टॉर्च घेऊन, एक बाहेर बागेचा पाइप घेऊन. पाइपाला नोझल नको, प्रेशर वॉशर तर अजिबात नको. प्रेशरने चांगल्या रबरातूनही पाणी आत जातं आणि आपण नसलेली गळती शोधत बसतो. संथ पाणी सोडायचं, आणि खालून वर यायचं. हा क्रम महत्त्वाचा. आधी मडगार्डच्या आत चाकाच्या वरून, मग दार, मग काउलची जाळी, मग वायपरचे स्पिंडल, मग काचेची खालची कड, बाजू, वरची कड, शेवटी टप. प्रत्येक ठिकाणी निदान पाच-सात मिनिटं. वरून सुरुवात केलीत तर पाणी ओघळून सगळंच भिजतं आणि काही कळत नाही. तुमच्या काउलला जास्त वेळ द्या, कारण तिथे भरून सांडायला वेळ लागतो.

दारांबद्दल थोडक्यात. दाराच्या आत पाणी जाणारच, काचेच्या पट्टीतून ते उतरतं. ते खालच्या कडेच्या भोकांतून बाहेर पडलं पाहिजे. भोकं तारेने मोकळी करा. दाराचा पॅड काढून आतला प्लास्टिकचा पडदा बघा. त्याची खालची कड दाराच्या पोटात गेलेली हवी. बाहेर लोंबत असेल तर पाणी सरळ पायाशी.

ठिगळाचंही सांगतो. वेल्डिंग झाल्यावर जोडावर सीलर भरला होता का? नुसत्या टाक्यांमधल्या फटीतून चाकाने उडवलेलं पाणी आत येतं. पण ते गाडी चालताना येईल. उभ्या गाडीत येतंय म्हणजे मुख्य वाट वरूनच आहे.

आणि ते सिलिकॉन. लावताना व्हिनेगरसारखा आंबूस वास आला होता का? ते सिलिकॉन सुकताना ॲसिटिक ॲसिड सोडतं आणि उघड्या पत्र्याला गंज चढवतं. शिवाय त्यावर रंग धरत नाही. पाण्याची वाट सापडली की ते प्लास्टिकच्या पट्टीने खरवडून काढा, स्क्रू-ड्रायव्हरने नको.

तुर्भे_वायरिंग

पत्रेकाम दादांनी पत्र्याचं सांगितलं, मी विजेचं सांगतो. पाइप मारायच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा. फ्यूज बॉक्स आणि जाडी वायर पायाजवळच असते, ओल्या जोडातून हिरवा गंज धरतो आणि मग लाइट मंद, हॉर्न बंद असली दुखणी सुरू होतात. इंजिनकडून केबिनमध्ये वायर जिथून शिरते तिथलं रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेची रबरी कडी) कडक झालं असेल तर बदला. वायर आत शिरायच्या आधी तिला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी गळून जातं, वायर धरून आत येत नाही.

२०६ आली १९८८ मध्ये, आणि १९९१ ची सिएरा, १९९२ ची इस्टेट तिच्यावरूनच निघाल्या. कुर्ल्याला सी.एस.टी. रोडवर रबर-ग्रोमेट शोधताना त्या गाड्यांच्या नावानेही विचारा. जुना तुकडा कापून सोबत न्या आणि छेद जुळवून घ्या, नुसत्या नावावर विश्वास नको.

रोपवाली (बाळकुम)

दादा, काउलच! भावाने पाइप धरला, मी आत पालथी पडून टॉर्च धरला. मडगार्ड, दार, काहीच नाही. जाळीवर पाणी सोडलं तरी बराच वेळ काही नाही, मग हवेच्या तोंडाच्या कडेने एक तपकिरी धार पावडरीतून सरळ खाली आली. बाबा बाहेरून ओरडत होते, “दिसलं का? दिसलं का?”

जाळी काढली. डाव्या टोकाला चहाच्या चोथ्यासारखा काळा लगदा घट्ट बसला होता, आणि त्यात एक गुलमोहराचं रोप उगवलेलं, दोन पानांचं. हाताने आणि वाकवलेल्या तारेने उकरलं तर घमेलंभर निघालं. मग पाणी सोडलं तर मडगार्डखालून भडाभडा बाहेर. खूप आनंद झाला. ते रोप पिशवीत लावलंय, बाबांनी सांगितलं म्हणून.

पण दोन गोष्टी राहिल्यात. लगदा होता तिथे पत्र्याला टाचणीएवढी भोकं आहेत, बोटाने दाबलं की पत्रा करकरतो. आणि टपावर पाणी मारल्यावर डाव्या खांबाच्या पायथ्याशी पावडरीत बारीक, स्वच्छ पाण्याची एक रेघ उमटते. काच बसवणारा म्हणतो की रबरच अजून बसायचंय.

पत्रेकाम_कळवा

ताई, फार नेटकं काम केलंत. पाणी स्वच्छ आणि टपावर मारल्यावरच येतं, तर रबराला दोष द्यायच्या आधी पन्हळ बघा. दारावर टपाच्या कडेने जी पन्हळ जाते, तिच्या तळाशी दोन पत्र्यांचा जोड असतो आणि त्यात कंपनीचा सीलर असतो. इतक्या वर्षांच्या उन्हाने तो तडकतो. केसाएवढी भेग पुरते. पाणी भेगेतून खांबाच्या पोटात शिरतं आणि थेट पायथ्याशी निघतं. माणूस काच बदलत बसतो, पाणी काचेला शिवलेलंही नसतं.

खात्री अशी करा. काचेची पूर्ण कड मास्किंग टेपने झाका आणि फक्त पन्हळीत पाणी सोडा. रेघ आली तर काच निर्दोष. दुसरी युक्ती, पाऊस नसताना करायची. सगळ्या काचा बंद, एका खिडकीत पुठ्ठा बसवून त्यातून ब्लोअरने केबिनमध्ये हवा भरा आणि बाहेरून जोडांवर साबणाचं पाणी लावा. जिथे फेस फुगेल तिथे फट.

पन्हळीतला जुना सीलर टोकदार लाकडाने पूर्ण उकरा. अर्धवट ठेवून वरून भरला तर खाली ओल अडकते. गंज घासा, इपॉक्सी प्रायमर मारा, तो सुकल्यावर जोडाचा बॉडी सीलर, मग रंग. उघड्या पत्र्यावर सीलर लावायचा नाही.

काउलच्या करकरणाऱ्या भागाला लांबी (पुट्टी) किंवा एम-सील लावू नका, एका पावसात गळून पडेल. चांगला पत्रा लागेपर्यंत कापा. कळंबोलीला २० गेजची सी.आर. (कोल्ड रोल्ड) पत्र्याची शीट मिळेल, त्याचा तुकडा कडेला कड लावून वेल्ड करून घ्या. एकावर एक चढवलेलं ठिगळ नको, त्या ओठात पुन्हा पाणी बसतं. दोन्ही बाजूंनी प्रायमर, सीलर, आणि आतून बंद पेटीत मारायचं मेण. डेंटर म्हणेल आतून कोण बघतंय. त्याच्यासमोर उभ्या राहून करून घ्या. हे काम पावसाची उघडीप बघून छपराखालीच करा.

जाळीखाली बारीक स्टेनलेसची जाळी बसवा, म्हणजे पानोळ्या वरच अडतील, पण ती दर आठवड्याला झाडावी लागेल.

ऐरोली_डिझेल

माझी सूचना मागे घेतो, पी.यू. भरलं असतं तर हे दिसलंच नसतं. ताई, नवा नमदा लगेच घालू नका. दोन-तीन मोठ्या सरी उघड्या पत्र्यावर काढा, खाली वर्तमानपत्र पसरून. कागदावर डाग पडला तर जागा आपोआप कळते. जुना नमदा फेकूनच द्या, तो आतून कधी वाळत नाही. काकांना न्यायचं असेल तर तोवर सीटखाली नुसतं रबरी मॅट टाका.

रोपवाली (बाळकुम)

टेप लावून पाहिलं. पन्हळच निघाली, डाव्या दाराच्या पुढच्या कोपऱ्यात बोटभर भेग. काच बसवणाऱ्याला फोन करून सांगितलं, त्याचं काम ठीक होतं. सीलर उकरायला घेतलाय, डेंटर शनिवारी शीट घेऊन येतोय. दादा, पन्हळीत सीलर भरल्यावर रंगाआधी किती थांबायचं? पावसाळी हवेत जास्त वेळ द्यावा लागेल ना?

पत्रेकाम_कळवा

पावसाळी हवेचा परिणाम सीलरच्या जातीवर आहे, डब्यावर लिहिलेला वेळ मात्र पूर्ण द्या. नखाने दाबून बघा, ठसा उमटला तर अजून थांबा. आणि सीलर भरताना पन्हळीच्या मागच्या टोकाची वाट मोकळी ठेवा, ती भरली तर पाणी टपावरच साचेल.