मदत हवी आहे: तिरप्या रेघांचा भ्रम मोजायचा कसा?

आमच्या परभणीकडच्या शाळेत आठवीच्या पोरी विज्ञान प्रदर्शनासाठी प्रयोग करतायत. पुठ्ठ्याच्या चकतीवर उभ्या रेघा, भोवती रुंद कडं, त्यावरच्या रेघा 15 अंश उजवीकडं कललेल्या. मधल्या रेघा डावीकडं झुकलेल्या दिसतात; ओळंबा लावून दाखवला तरी बघणारा मानत नाही! मेंदूत दिशा ओळखणाऱ्या पेशी एकमेकींना दाबतात म्हणून असं होतं, हे पोरींना पटलंय.

अडलंय पुढं. कडं 75 अंशांवर नेलं की मधल्या रेघा कड्याच्याच बाजूला कलल्यासारख्या दिसायला पाहिजेत. तो परिणाम फार बारीक असतो, पोरींना दिसंनाच. फळ्याची, टेबलाची सरळ कड नजरेत येते, ती नडते का? पुठ्ठ्याच्या नळीतून बघायला लावावं का? आणि 'आता सरळ वाटते' तिथं चकती थांबवून कोनमापकानं मोजलं तर एवढा बारीक फरक पकडता येईल का? कुणी केलं असंल तर सांगा.