मुलीसाठी नर्सिंगचे महाविद्यालय निवडताना नेमके काय तपासावे? (मदत हवी आहे)

नमस्कार.

माझी मुलगी सतरा वर्षांची आहे आणि तिने नर्सिंगला जायचे ठरवले आहे. तिला कोणी या क्षेत्राकडे ढकललेले नाही आणि आमच्या घरात वैद्यकीय व्यवसायातले कोणी नाही. गेल्या वर्षी माझ्या आईचे मांडीचे हाड मोडले, तेव्हा ती रुग्णालयात आजीच्या सोबतीला बसत असे. तिथल्या एका सिस्टरने आजीला कुशीवर वळवण्याआधी तिच्या दोन गुडघ्यांमध्ये उशी ठेवली, चादरीची सुरकुती तळहाताने सपाट केली आणि "आजी, मी तीन म्हटलं की आपण वळायचं" असे सांगून एका दमात वळवले. आजी त्या दिवशी पहिल्यांदा ओरडली नाही. मुलीने घरी येऊन तो सगळा प्रकार उशी घेऊन माझ्यावर करून दाखवला. तेव्हापासून हा विषय घरातून हललेला नाही.

त्यामुळे तिने नर्सिंग करावे की करू नये, यावर कृपया येथे चर्चा नको. ती पुरेशी झाली आहे. मला मदत हवी आहे ती महाविद्यालय पारखण्यासाठी, आणि त्यातही माहितीपत्रकात छापलेल्या नसतात अशा गोष्टी पारखण्यासाठी.

आमच्यासमोर तीन पर्याय आहेत. पहिले चार वर्षांचे पदवी महाविद्यालय असून इमारत नवी आहे, वसतिगृह उत्तम आहे, परंतु त्याचे स्वतःचे रुग्णालय नाही. विद्यार्थ्यांना करारानुसार निरनिराळ्या रुग्णालयांत पोस्टिंगसाठी, म्हणजे वॉर्डमधल्या प्रत्यक्ष कामासाठी, पाठवतात. दुसरेही पदवीचेच, पण एका मोठ्या आणि कायम गर्दीच्या रुग्णालयाला जोडलेले. इमारत जुनी आणि वसतिगृहाच्या एका खोलीत चौघी. तिसरा पर्याय तीन वर्षांच्या पदविकेचा, एका लहान रुग्णालयातला, आणि त्याचे शुल्क सर्वांत कमी आहे. पत्नीचा कल पहिल्याकडे आणि मुलीचा दुसऱ्याकडे आहे. माझा कल मी अजून घरात उघड केलेला नाही, कारण मी मत दिले की मुलगी तपासणे थांबवते आणि वाद घालू लागते.

पहिल्या दोन ठिकाणी आम्ही जाऊन आलो. पहिल्या महाविद्यालयाची स्किल लॅब पाहून मी दिपून गेलो होतो. ओळीने मांडलेल्या खाटा, त्यांवर पुतळे, त्यांतला एक श्वासाचे आणि हृदयाचे आवाज काढणारा. परतताना मुलगी म्हणाली, "बाबा, त्या सुई टोचायच्या हाताला एकही भोक नव्हतं." शिरेत सुई घालण्याच्या सरावासाठी रबरी कातडीचा जो हात असतो, तो तिथे कपाटात प्लास्टिकच्या वेष्टनासकट ठेवलेला होता. दुसऱ्या महाविद्यालयात तशाच हाताच्या कोपराच्या खळग्यात इतकी भोके पडली होती की आतले लाल पाणी थेंबथेंब गळत होते; खाली किडनी ट्रे ठेवला होता आणि कातडीला दोन ठिकाणी चिकटपट्टी लावली होती. तिथल्या शिक्षिका थोड्या ओशाळून म्हणाल्या, "नवी कातडी मागवली आहे." मुलीच्या मते ओशाळायचे तर ते पहिल्यांनी ओशाळायला हवे होते. एका रबरी हातावरून महाविद्यालय ठरवू नये हे मला कळते, तरीही ते दृश्य डोक्यातून जात नाही.

निकालाचेही तसेच आहे. पहिल्या ठिकाणी दर्शनी भागातच "शंभर टक्के निकाल" असा फलक आहे. मात्र जिन्यात प्रत्येक तुकडीची वर्षवार छायाचित्रे लावलेली आहेत, आणि मुलगी कार्यालयात अर्ज घेत असताना मी ती मोजली. एका तुकडीच्या पहिल्या वर्षाच्या छायाचित्रात साठ मुले-मुली होती, त्याच तुकडीच्या शेवटच्या वर्षाच्या छायाचित्रात एकेचाळीस. उरलेल्या एकोणीस जणांविषयी विचारल्यावर "काहींना झेपत नाही" एवढेच उत्तर मिळाले. परीक्षेला बसलेल्यांपैकी किती उत्तीर्ण झाले आणि प्रवेश घेतलेल्यांपैकी किती जण अभ्यासक्रम पूर्ण करून वेळेत बाहेर पडले, हे दोन वेगळे आकडे आहेत. कच्च्या विद्यार्थ्यांना परीक्षेलाच बसू दिले नाही तर पहिला आकडा आपोआप चांगला दिसतो.

वाचन मी माझ्या परीने केले आहे. युरोपीय संघाच्या नियमांनुसार सर्वसाधारण नर्सिंगच्या शिक्षणासाठी किमान ४,६०० तास लागतात, त्यांपैकी किमान निम्मे प्रत्यक्ष रुग्णसेवेतले आणि किमान एकतृतीयांश वर्गातले असावे लागतात. त्यामुळे मी दोन्ही महाविद्यालयांत तासांची विचारणा केली. दोघांनीही कागद दाखवले आणि दोन्ही कागदांवरचे आकडे भरगच्च होते. पुतळ्यांवरच्या सरावाविषयी मी सुरुवातीला साशंक होतो. परंतु अमेरिकेतील राज्य नर्सिंग मंडळांच्या राष्ट्रीय परिषदेने २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, दहा ठिकाणच्या विद्यार्थ्यांपैकी काहींचे निम्म्यापर्यंत क्लिनिकल (प्रत्यक्ष रुग्णसेवेतले) तास अशा सरावाने बदलूनही त्यांच्या ज्ञानात आणि कौशल्यात लक्षणीय फरक आढळला नव्हता. अर्थात तिथे शिक्षक त्यासाठी खास तयार केलेले होते आणि प्रत्येक सरावानंतर काय चुकले यावर बसून चर्चा होत असे. वेष्टनातल्या हाताला हा निष्कर्ष कसा लावायचा, ते मला कळत नाही.

पदवी की पदविका, हा दुसरा गुंता. २०१४ मध्येच 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात नऊ युरोपीय देशांतील ३०० रुग्णालयांचा अभ्यास आला होता. त्यात पदवीधर नर्सेसचे प्रमाण दहा टक्क्यांनी वाढले की शस्त्रक्रिया झालेला रुग्ण दाखल झाल्यापासून तीस दिवसांत दगावण्याची शक्यता सात टक्क्यांनी घटते, असा संबंध दिसला. पत्नी हा आकडा मला वारंवार ऐकवते. माझे म्हणणे असे की तो रुग्णालयातल्या एकंदर नर्सेसविषयीचा आकडा आहे आणि त्यात कार्यकारणभाव सिद्ध झालेला नाही. एका चांगल्या पदविकेपेक्षा एक वाईट पदवी बरी, असे त्यावरून म्हणता येत नाही. शिवाय पदविकेनंतर पदवी पूर्ण करण्याची सोय अनेक देशांत आहे, भारतातही जीएनएम या नर्सिंग पदविकेनंतर दोन वर्षांचा पोस्ट बेसिक बी.एस्सी. अभ्यासक्रम आहे. तरीही एकूण वर्षे वाढतात, आणि नोकरीला लागल्यावर परत शिकायला बसणे किती जणींना जमते, याचा अनुभव असणाऱ्यांनीच सांगावे.

तर माझी विचारणा अशी आहे. कागदावरचे तास वॉर्डमध्ये खरोखर होतात की नाही, हे बाहेरच्या माणसाला कसे ओळखता येईल? स्वतःचे रुग्णालय नसणे ही खरोखर उणीव आहे, की निरनिराळी रुग्णालये पाहायला मिळणे उलट फायद्याचे? आणि या सगळ्यात मुलीला किती पुढे करावे आणि मी किती मागे राहावे? ती रक्त पाहून बिचकत नाही, पण रुग्णालयातल्या उलटीच्या वासाने तिला एकदा चक्कर आली होती आणि ही गोष्ट तिने मला महिन्याभराने सांगितली. पत्नीला अजून माहीत नाही.

प्रतिसाद १

मी आधी वॉर्डमध्ये आणि नंतर क्लिनिकल इन्स्ट्रक्टर म्हणून बरीच वर्षे काम केले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

तास मोजू नका, लॉगबुक पाहायला मागा. प्रत्येक विद्यार्थ्याकडे एक वही असते, तिच्यात केलेल्या प्रत्येक प्रोसीजरसमोर तारीख आणि शिक्षकाची सही असते. तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलीची वही उघडा आणि सह्यांकडे नीट पाहा. तारखा सुट्या, शाई वेगवेगळी, मध्येच एखादी सही घाईत तिरकी केलेली, कुठे "पुन्हा करावे" असा शेरा, अशी वही खरी असते. सहा महिन्यांच्या सह्या एकाच पेनने, एकाच ठेक्यात, वरून खाली उतरलेल्या दिसल्या तर त्या एका दुपारी बसून केल्या आहेत असे समजा. वही दाखवायलाच नकार मिळाला, तर तेही उत्तर आहे.

दुसरे, पोस्टिंगला विद्यार्थ्यांबरोबर महाविद्यालयाची शिक्षिका दिवसभर वॉर्डमध्ये थांबते, की सकाळी हजेरी घेऊन परत जाते, ते विचारा. हा प्रश्न प्राचार्यांना नको, विद्यार्थिनींना विचारा, आणि तोही तुमच्या मुलीने. शिक्षिका निघून गेली की मुली इन्चार्ज सिस्टरच्या हाती लागतात, आणि तिला मनुष्यबळ कमी असले तर त्या दिवसभर नमुने पोहोचवतात आणि चादरी बदलतात. १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात नाइटिंगेलबाईंची शाळा सुरू झाली, तेव्हाही विद्यार्थिनी वॉर्डातच राबत राबत शिकत. राबायला हरकत नाही. मी आयुष्यभर चादरी बदलल्या. पण पहिल्या वर्षी जे काम करत होती तेच तिसऱ्या वर्षी करत असेल, तर ती शिकत नाहीये.

स्वतःचे रुग्णालय असणे मला महत्त्वाचे वाटते, कारण तिथल्या सिस्टर विद्यार्थ्यांना नावाने ओळखतात. परंतु लहान रुग्णालयात प्रसूती, बालरुग्ण, मानसोपचार आणि अतिदक्षता या सगळ्याच विभागांत पुरेसे रुग्ण नसतात, तेव्हा तिसऱ्या पर्यायाच्या बाबतीत त्या पोस्टिंग कुठे होतात ते आधी विचारा. पदविकेला मी कमी लेखणार नाही. माझ्या हाताखालच्या सर्वांत भरवशाच्या दोघी पदविकाधारक होत्या. त्यांतल्या एकीने नोकरी सांभाळून पदवी घेतली. दुसरीला ते जमले नाही आणि पदोन्नतीच्या वेळी तिला त्याची झळ बसली.

अभ्यासक्रमाची मान्यता नर्सिंग परिषदेच्या स्वतःच्या यादीत, चालू वर्षासाठी आणि जागांच्या संख्येसह तपासा. भिंतीवर चौकटीत लावलेले प्रमाणपत्र जुने असू शकते.

चक्कर येण्याविषयी: मलाही आली होती, ड्रेसिंगच्या ट्रॉलीवर पडले होते. पहिल्या काही आठवड्यांत ते होते आणि बहुतेकींचे जाते. तिने पोटभर न्याहारी करून जावे आणि गुडघे ताठ ठेवून उभे राहू नये, एवढे सांगा. तिने ते तुम्हाला सांगितले, याला मी जास्त महत्त्व देईन. एक काम मात्र आजच करा: हेपटायटिस बीची लस झालेली नसेल तर सुरू करा. पहिल्या मात्रेनंतर दुसरी महिन्याने आणि तिसरी सहा महिन्यांनी असते, म्हणजे प्रवेशानंतर सुरुवात केली तर ती सुया हाताळू लागेल तेव्हा मात्रा अपुऱ्या असतील.

प्रतिसाद २

मी स्वतःचे रुग्णालय नसलेल्या महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला आहे. काका, कराराच्या रुग्णालयांची नावे आणि वसतिगृहापासूनचे अंतर विचारा. आमची बस पहाटे साडेपाचला सुटते; पोहोचेपर्यंत सकाळची औषधे आणि इंजेक्शने देऊन झालेली असतात आणि बेडमेकिंगही आटोपलेले असते, त्यामुळे शिकण्याचा सर्वांत चांगला तास रस्त्यातच जातो. करार मध्येच संपला तर काय करणार, हेही विचारा. आमचा एकदा संपला होता आणि दोन महिने आम्ही वर्गात बसून होतो.

धागाकर्त्याचा प्रतिसाद

दोघींचेही मनापासून आभार. काल मुलगी आणि मी दुसऱ्या महाविद्यालयाच्या रुग्णालयात सकाळी ड्युटी बदलण्याच्या वेळी गेलो. मी बाहेर बाकावर बसलो आणि ती परवानगी घेऊन एका विद्यार्थिनीशी बोलून आली. लॉगबुक पाहायला मिळाले. सह्या वेगवेगळ्या शाईतल्या होत्या आणि कॅथेटर (लघवीची नळी) घालण्याच्या नोंदीसमोर दोनदा "पुन्हा" लिहिलेले होते. शिक्षिका वॉर्डमध्येच होत्या, पण त्यांच्याभोवती चौदा मुली होत्या आणि मागच्यांना खाट दिसतही नसावी, असे मुलीने स्वतःहून सांगितले. तिच्या आवडत्या महाविद्यालयाबद्दल तिने उणे बोलण्याची ही पहिलीच वेळ.

पहिल्या महाविद्यालयाला फोन करून करारातल्या रुग्णालयांची यादी मागितली आहे, अजून आलेली नाही. चक्कर येण्याचे मुलीने आईला सांगितले; आईने उत्तरादाखल स्वतःच्या बाळंतपणाची एक लांबलचक हकीकत ऐकवली, त्यावरून प्रकरण मिटले असे मी धरतो. लसीची पहिली मात्रा आज घेतली. तिसऱ्या ठिकाणी पुढच्या आठवड्यात जाणार आहोत. तिथे प्रसूती आणि मानसोपचाराच्या पोस्टिंग कुठे होतात आणि एका शिक्षिकेमागे किती मुली असतात, हे कळले की येथेच लिहीन.