मदत हवी आहे : डेमोक्रॅटिक पक्षातील पुरोगामी आणि मवाळ गट
नमस्कार. अमेरिकेतील डेमोक्रॅटिक पक्षांतर्गत मतभेदांवर टिपण लिहिताना मी एका मुद्द्यावर अडलो आहे. सामाजिक खर्चाचे विधेयक सोबत आल्याशिवाय पायाभूत सुविधांचे विधेयक पुढे जाऊ द्यायचे नाही, असा २०२१ मध्ये पुरोगामी गटाचा आग्रह होता. तरीही ५ नोव्हेंबरच्या रात्री पायाभूत सुविधांचे विधेयक एकटेच प्रतिनिधीगृहात २२८ विरुद्ध २०६ मतांनी संमत झाले. पक्षाच्या ६ पुरोगामी सदस्यांनी विरोधात मत दिले, पण १३ रिपब्लिकनांच्या पाठिंब्याने ती उणीव भरून निघाली, आणि मला हाच तपशील सर्वांत बोलका वाटतो. डिसेंबरमध्ये पक्षाच्याच मवाळ गटातले सिनेटर जो मँचिन यांनी सामाजिक खर्चाच्या विधेयकाला नकार दिला. मग आग्रह सोडणे ही पुरोगाम्यांची चूक होती, की दोन्ही पक्षांचे बळ ५०-५० असल्याने एका मतावरही विधेयक अडू शकेल अशा सिनेटमध्ये त्यांच्यापुढे दुसरा मार्गच नव्हता? जाणकारांनी कृपया सविस्तर मार्गदर्शन करावे.