बेर्टा बेंझची सफर म्हणजे निव्वळ जाहिरात होती काय?

जुनेपुराणे : ‘मोटारीचा खरा इतिहास १९१३ साली फोर्डच्या हायलंड पार्क कारखान्यात सुरू झाला, त्याआधीची मोटार श्रीमंतांचे खेळणे होती आणि बेर्टा बेंझची सफर निव्वळ जाहिरात होती’, असे चक्रधर यांनी काल ठोकून दिले. ते वाचून गप्प बसवेना, म्हणून हा प्रपंच. मोटारीचे १८८६ चे पेटंट हाती असूनही कार्ल बेंझ यांच्या गाडीला गिऱ्हाईक मिळत नव्हते. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बेर्टाबाई नवऱ्याला न सांगता दोन मुलांसह जर्मनीतल्या मानहाइमहून निघाल्या आणि शंभराहून अधिक किलोमीटर अंतर कापून फोर्झहाइमला पोहोचल्या. वाटेत त्यांनी वीसलोखच्या औषधाच्या दुकानातून इंधन म्हणून लिग्रॉइन घेतले, तुंबलेली नळी टोपीच्या पिनेने मोकळी केली आणि झिजलेल्या ब्रेकवर चांभाराकडून कातडे ठोकून घेतले. चढावर मुलांना गाडी ढकलावी लागली, म्हणून पुढे गाडीला चढासाठी वेगळा गिअर आला. जाहिरात करायला निघालेला माणूस आपल्याच मालातल्या खोड्या अशा शोधत बसत नाही.

चक्रधर : पिनेची गोष्ट सुरस आहे, परंतु तिच्यामुळे किती दारांत मोटार उभी राहिली? हायलंड पार्कमधल्या चालत्या साखळीमुळे, म्हणजे गाडीच सरकत कामगारापुढे येई त्या पद्धतीमुळे, फोर्डच्या मॉडेल टी या गाडीची जुळणी साडेबारा तासांवरून सुमारे दीड तासावर आली, १९०८ साली ८५० डॉलरला विकली जाणारी गाडी १९२५ पर्यंत ३०० डॉलरच्या आत आली आणि अशा दीड कोटी गाड्या तयार झाल्या. फोर्डने १९१४ साली कामगाराला दिवसाला ५ डॉलर देऊ केले, हेही आपण सोयीस्करपणे वगळता.

पानापक्कड : त्या ५ डॉलरचे कौतुक आता पुरे झाले. साखळीवरचे एकसुरी काम सोसेना म्हणून माणसे इतक्या भराभर सोडून जात होती, की रोज नवी भरती करण्यापेक्षा मजुरी वाढवणे मालकाला स्वस्त पडले. शिवाय तिचा मोठा हिस्सा बक्षिसाचा होता आणि तो द्यावा की नाही, हे ठरवायला कंपनीची माणसे कामगाराच्या घरी जाऊन त्याचे पिणे आणि बचत तपासत असत. आणि ही लोकांची गाडी सुरू कशी होत असे? हँडल मारून! खरा क्षण १९१२ चा आहे, कारण त्या वर्षीच्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंग यांचा इलेक्ट्रिक स्टार्टर आला; मॉडेल टीला तो मिळायला १९१९ उजाडले. माझे आजोबा एकदा स्टीअरिंगजवळची, इंजिनात ठिणगी केव्हा पडावी हे ठरवणारी कळ मागे न घेताच हँडल मारायला गेले. इंजिनाने असा उलटा झटका दिला, की मनगट मोडले आणि पुढे त्यांना पाण्याचा तांब्यासुद्धा डाव्या हाताने उचलावा लागे.

जुनेपुराणे : आजोबांविषयी सहानुभूती आहे, परंतु अंगठा हँडलभोवती न गुंडाळता बोटांच्याच बाजूला ठेवावा आणि हँडल खालून वर ओढावे, हा त्या काळचा पहिला धडा होता.

पानापक्कड : म्हणजे दोष आजोबांचाच! ज्या यंत्राला हात लावण्यापूर्वी अंगठा कुठे ठेवायचा हे शिकावे लागते, त्याला लोकांचे वाहन म्हणणाऱ्यांपुढे हात टेकले. फोर्डच्या पत्नी क्लारासुद्धा डेट्रॉइट इलेक्ट्रिक ही विजेवरची गाडी चालवत असत, कारण तिला हँडलही नव्हते आणि धूरही नव्हता.

चक्रधर : मग तुमच्या लाडक्या स्टार्टरने विजेच्या गाडीचा मोठा फायदाच काढून घेतला आणि पेट्रोलची गाडी आपल्या मानगुटीवर बसवली, असे म्हणा की! राहता राहिल्या बेर्टाबाई. त्यांची सफर निव्वळ जाहिरात नव्हती, एवढे आपल्या समाधानासाठी मान्य करतो. नवऱ्याची गाडी न विचारता नेण्याच्या धाडसाबद्दल हवे तर पुतळाही उभारू.

जुनेपुराणे : नवऱ्याची? लग्नाआधीच स्वतःच्या वाट्याचा पैसा बेर्टाबाईंनी कार्लच्या धंद्यात घातला होता. भागीदाराने गाडी बाहेर काढायला परवानगी कशाला मागायची?