छोट्या खोलीसाठी पॉवर्ड स्पीकर : मदत हवी आहे

कोथरूडमधील आमच्या फ्लॅटच्या दहा बाय बारा फुटांच्या खोलीत शास्त्रीय गायन ऐकण्यासाठी, ज्यात अ‍ॅम्प्लिफायर आतच बसवलेला असतो असे पॉवर्ड स्पीकर घ्यायचे आहेत. खर्चाची मर्यादा पंधरा हजार रुपये आहे. जागेची अडचण अशी की, स्पीकर पुस्तकांच्या फडताळातच ठेवावे लागतील आणि मागे भिंतीपर्यंत जेमतेम चार बोटे अंतर उरेल. मित्राकडून आणलेल्या जोडीचा हवेचा पोर्ट (खोक्यातली हवा बाहेर येण्याचे भोक) मागच्या बाजूला होता, त्यामुळे डग्ग्याची मींड ऐकू येण्याऐवजी नुसता घुमारा येत होता आणि तानपुऱ्याचा खर्ज त्यात बुडून जात होता. (पोर्टमध्ये जुना पायमोजा कोंबल्यावर बराच फरक पडला, पण तो काही कायमचा उपाय नव्हे.) म्हणून पोर्ट पुढे असलेली जोडी घ्यावी असे वाटते. एडिफायर कंपनीच्या आर१२८०डीबी या जोडीमध्ये पुढचा पोर्ट, चार इंची वूफर (खालचे स्वर वाजवणारा भाग) आणि टीव्हीसाठी ऑप्टिकल जोडणी आहे. अशा फडताळात ती कोणी वापरली आहे का? हळू आवाजातही गाणे भरीव वाटते का? पुण्यात घेण्यापूर्वी निवांत ऐकू देणारे दुकान माहीत असल्यास कृपया कळवावे.