हद्दपार झालेली आई दोषी आणि मुलाला जाळणारा बाप ‘घडवणारा’?

दादर_पूर्व (धागाकर्ती) :

‘अवतार : द लास्ट एअरबेंडर’ या ॲनिमेशन मालिकेवरच्या जुन्या चर्चेत परवा एका सदस्यांनी लिहिले की, झुको आणि अझुला या भावंडांच्या दुःखाचे मूळ त्यांची आई उर्सा हीच आहे. त्यांचा बाप, राजा ओझाय, कठोर असला तरी तो मुलांजवळ राहिला, त्याने त्यांना घडवले. आई मात्र एका रात्रीत निघून गेली. या मताला इतका पाठिंबा मिळाला की, दोन ओळींत असहमती नोंदवून गप्प बसणे मला जमले नाही.

२००५ ते २००८ या काळातल्या त्या मालिकेत काय घडते ते इथे सर्वांना पाठ आहे. नव्या सैनिकांचा बळी देण्याच्या बेताला युद्धसभेत विरोध केला, एवढ्यावरून ओझायने तेरा वर्षांच्या मुलाचा चेहरा सर्वांदेखत जाळला आणि त्याला देशाबाहेर काढले. उर्सा गेली ती तिच्या सासऱ्याने, तेव्हाचा राजा अझुलॉन याने, झुकोचा जीव घेण्याची आज्ञा दिली त्या रात्री. मुलाला वाचवण्यासाठी तिने राजद्रोह केला आणि त्यापायी तिला हद्दपार व्हावे लागले. तिसऱ्या पर्वात हे ओझाय स्वतःच्या तोंडाने झुकोला सांगतो. ज्याने तिला घालवले तो पालक म्हणून उत्तीर्ण आणि जिला जावे लागले ती नापास, हा निवाडा कोणत्या तर्कात बसतो?

माझी तक्रार एका पात्रापुरती नाही. ‘फुलमेटल अल्केमिस्ट : ब्रदरहुड’ या जपानी मालिकेतला बाप होहेनहाइम घर सोडून जातो, मागे बायको आजारपणात मरते आणि मेलेल्या आईला परत आणण्याच्या खटाटोपात एक मुलगा एक हात आणि एक पाय, तर दुसरा अख्खे शरीर गमावतो. पण तो देश वाचवायला गेला होता हे कळताच चाहते त्याच्यासाठी रडतात. ‘माय हिरो ॲकॅडेमिया’ या दुसऱ्या जपानी मालिकेतल्या एंडेव्हरने लग्नच मुळी आपल्यापेक्षा ताकदवान मूल जन्माला यावे म्हणून केले, त्याच्या पश्चात्तापावर इथे पानेच्या पाने लिहिली गेली आहेत. त्याच्या जाचाने मन ढळलेल्या त्याच्या बायकोने, रेईने, मुलाच्या चेहऱ्यावर उकळते पाणी ओतले, ते भयंकरच होते. परंतु तिच्याविषयी ‘वेडी आई’ या दोन शब्दांपलीकडे कोणी काही लिहीत नाही. बापाला त्याच्या हेतूवरून तोलायचे आणि आईला निव्वळ तिच्या हजेरीवरून, ही आपली सवय आहे.

चाळकरी_परळ :

धागाकर्तींनी सोयीचे तेवढेच सांगितले आहे. २०१३च्या ‘द सर्च’ या चित्रकथेत उर्सा हद्दपारीनंतर नवा चेहरा घेते, जुन्या आयुष्याची आणि मुलांची आठवण स्वतःच्या इच्छेने पुसून घेते आणि दुसरा संसार मांडते. हद्दपारी तिच्यावर लादली गेली होती हे मान्य, पण विसरणे कोणी लादले नव्हते. होहेनहाइमने मुलांचा विसर पाडून घेतला नाही, म्हणून ती तुलना टिकत नाही.

दुसरे असे की, बापाने थोडा धाक दाखवला की त्याला राक्षस ठरवण्याची या मालिकांना खोड लागली आहे आणि चाहते तेच घरी आणतात. माझ्या वडिलांनी दहावीनंतर माझी चित्रांची वही ट्रंकेत टाकून कुलूप लावले आणि मला विज्ञान शाखेत घातले. तेव्हा मी त्यांच्याशी बोलणे टाकले होते. एका खोलीत सहा माणसे राहत असताना त्यांना मला चित्रकार होऊ देण्याची चैन परवडणारी नव्हती, हे आज मला दिसते. हा धाक आणि ओझायचा जाळ एकाच पंक्तीत बसवू नका.

निळी_छत्री :

धाकाला कोणी ओझाय म्हटलेले नाही. आपण आपल्या वडिलांची बाजू मांडता आहात, ओझायची नव्हे. आणि आपण परळचे आहात म्हणून विचारते. आपल्या चाळीत गिरणीत कामाला आलेले कोकणातले किती बाप राहत होते, ज्यांची बायकामुले गावी होती? गावकीच्या खोलीत वळकटी टाकून राहायचे, महिन्याला मनीऑर्डर करायची आणि गणपतीला व शिमग्याला गावी जायचे. मुलांना बाप वर्षातून दोनदा दिसे, तरी त्यांना कोणी मुले टाकलेला बाप म्हटले नाही. माझी आई परिचारिका म्हणून मस्कतला गेली, तेव्हा आजी आणि बाबा घरी असूनही शेजारणी माझ्या डोक्यावरून हात फिरवत ‘आईविना पोर’ म्हणायच्या. त्याच मजल्यावर राहणारा माझा मामा बोटीवर नोकरीला होता. तो सुट्टीवर आला की अख्खी चाळ त्याचे कौतुक करी, आणि त्याच्या मुलांची कीव कधी कोणी केली नाही. उर्सावर तुटून पडणारे चाहते ही नजर आपल्या जिन्यावरूनच घेऊन आले आहेत.

चाळकरी_परळ :

गिरणी कामगारांना यात ओढण्याचे कारण नव्हते. ते मौजेसाठी दूर राहत नव्हते, आणि ज्यांनी घाम गाळून गावची घरे उभी केली त्यांना कार्टूनमधल्या पात्रांच्या रांगेत उभे करणे मला अपमानास्पद वाटते.

तिठ्यावरचा :

अपमान कसला? ही गोष्ट माझ्याच घरातली आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. पुढे आजोबा कायमचे गावी परतले, तेव्हा माझ्या वडिलांच्या लेखी घरात एक अनोळखी माणूस हुकूम सोडू लागला. कोण कुठे जाणार, कोण किती शिकणार, जेवायला कोण आधी बसणार, हे सगळे ज्याने त्यांना वाढताना पाहिलेच नव्हते तो ठरवू लागला. आजीने इतकी वर्षे एकटीने चालवलेले घर तिच्या हातून गेले. वडील आजही आजोबांचे नाव आदराने घेतात, पण त्यांच्याविषयी एक गोड आठवण सांगा म्हटले तर गप्प होतात. ‘इव्हँगेलियन’ या जपानी मालिकेतला बाप गेंडो मुलाला दुसऱ्याच्या दारी ठेवतो आणि चौदाव्या वर्षी बोलावून घेतो ते थेट कामाला जुंपण्यासाठी, तो प्रसंग मला परका वाटला नाही. आधी गैरहजर आणि मग हुकमी, असे दोन्ही बाप एकाच माणसात असतात.

वांद्र्याची_वकील :

मालिका मी फारशा पाहत नाही, पण ही नजर कायद्यातही होती. १९५६च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या कलम ६नुसार नैसर्गिक पालक आधी वडील आणि त्यांच्यानंतर आई. वडील हयात असूनही मुलाकडे पाहत नसतील तर आईला पालक मानता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने गीता हरिहरन खटल्यात १९९९ साली स्पष्ट केले. १ मे २०२४पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव वडिलांच्या नावाआधी येऊ लागले, तेही आपल्या राज्यात इतक्या उशिरा. कुटुंब न्यायालयात मी पाहते की, घर सोडलेल्या बाईला ‘का सोडले’ याआधी ‘तुम्हाला ते सोडवले तरी कसे’ असे विचारले जाते.

उत्तररात्र :

मला राग आला आहे आणि तो लपवणार नाही. माझी आई मी शाळेत असताना गेली. तिला कोणी घालवले नव्हते, मारले नव्हते. तिला दुसरे आयुष्य हवे होते. बाबांनी डबे भरले, वेण्या घातल्या, पालकसभेला वर्गातल्या साऱ्या आयांमध्ये एकटे बसले. ‘स्टीव्हन युनिव्हर्स’ या ॲनिमेशन मालिकेत आई रोझ स्वतःचे अस्तित्व संपवून स्टीव्हनला जन्म देते आणि तिने मागे ठेवलेली सगळी लढाई त्या पोराच्या गळ्यात पडते. त्याला तिचा राग येतो तेव्हा मला माझे कोणीतरी बोलते आहे असे वाटते. रोझवर चिडणाऱ्या प्रत्येकाला तुम्ही बाईचा द्वेष्टा ठरवणार असाल, तर आमच्यासारख्या मुलांनी बोलायचे कुठे? आईचा हेतू कितीही थोर असो, मधल्या सुट्टीत तो हेतू मुलाजवळ येऊन बसत नाही.

दादर_पूर्व (धागाकर्ती) :

उत्तररात्र, आपल्या रागाला माझा विरोध नाही. अझुलाला, स्टीव्हनला आणि आपल्यालाही तो राग येण्याचा पूर्ण हक्क आहे. शेवटच्या भागांत अझुलाला आरशात आई दिसते, ‘माझे तुझ्यावर प्रेम आहे’ म्हणते, आणि ती आरसा फोडते. त्या क्षणी मी पूर्णपणे अझुलाच्या बाजूने असते. माझे भांडण त्या रागाशी नाही, तो राग उसना घेऊन ओझायला प्रशस्तिपत्र देणाऱ्या प्रेक्षकाशी आहे. मूल न्यायाधीश नसते, त्याने एकाच बाजूने रडावे. प्रेक्षकाला मात्र दोन्ही बाजू दाखवलेल्या असतात.

चाळकरी_परळ यांचा आठवण पुसण्याचा मुद्दा मी नाइलाजाने मान्य करते. ते कथानक मला आवडले नाही आणि त्याचा बचाव मी करणार नाही. तरीही ते पुढच्या चित्रकथेतले आहे. मालिका पाहून उर्सावर तुटून पडलेल्यांना तेव्हा ते ठाऊकही नव्हते.

चाळकरी_परळ :

ओझायला मी प्रशस्तिपत्र दिलेले नाही, हे नोंदवून ठेवतो. निळी_छत्री यांच्या आईविषयी शेजारणी जे बोलल्या ते चुकीचे होते, एवढे मी म्हणेन, त्याहून जास्त नाही. पण माप एकच हवे असेल तर ते ‘अवतार’च्या पुढच्या ‘कोरा’ या मालिकेतल्या टॉफलाही लावा. तिच्या वडिलांनी तिला अंध म्हणून जगापासून लपवून ठेवले, म्हणून तिने स्वतःच्या मुली मोकाट सोडल्या. धाकट्या सूमुळे लिनच्या चेहऱ्यावर कायमचा व्रण उठला, तेव्हा ही पोलीसप्रमुख आई अहवाल फाडून टाकते आणि सूला आजीआजोबांकडे पाठवून देते. तिच्या बाबतीत मात्र ‘टॉफ अशीच आहे’ म्हणून सगळे हसतात.

निळी_छत्री :

लावा की. मात्र त्याच मापाने ‘अवतार’चा नायक आंग यालाही मोजा. त्याने सहलींना आपल्या तीन मुलांपैकी फक्त टेन्झिनला नेले. काया आणि बूमी हे मोठेपणी बोलून दाखवतात, तेव्हा टेन्झिनला त्यांचे दुखणे काय आहे तेच आधी उमगत नाही. जग वाचवणारा बाप म्हणून चाहत्यांनी तो भाग केव्हाच माफ केला. टॉफचा धागा आपण काढा, आंगचा मी काढते.