माणूस चंद्रावर पोहोचला तो जिज्ञासेमुळे की शीतयुद्धातील चढाओढीमुळे?

निरभ्र (धागालेखक)

अवकाशयुगाचा आरंभ मानवाच्या जिज्ञासेतून झाला, असे आपल्याला शाळेपासून सांगितले जाते. मला ते पटत नाही. माणूस अंतराळात केव्हा गेला, कोठवर गेला आणि केव्हा थांबला, हे मॉस्को आणि वॉशिंग्टन येथील राजकारणाने ठरवले, असे माझे स्पष्ट मत आहे.

४ ऑक्टोबर १९५७ रोजी स्पुटनिक या पहिल्या कृत्रिम उपग्रहाला कक्षेत नेणारे सोव्हिएत आर-७ रॉकेट मुळात अमेरिकेवर अण्वस्त्र टाकता यावे म्हणून बांधलेले होते. १९६१ मधील घटनाक्रम तर अधिकच बोलका आहे. १२ एप्रिलला युरी गागारिन १०८ मिनिटांत पृथ्वीप्रदक्षिणा करून परतले. पाचच दिवसांनी अमेरिकेच्या पाठबळावर क्युबातील निर्वासितांची तुकडी क्युबाच्या किनाऱ्यावर ‘बे ऑफ पिग्ज’ येथे उतरली आणि तीन दिवसांत तिचा धुव्वा उडाला. २० एप्रिलला अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी उपाध्यक्ष जॉन्सन यांना टिपण पाठवून विचारणा केली, ती आपण जिंकू शकू असा अवकाशातील एखादा कार्यक्रम आहे का, अशी. २५ मे रोजी त्यांनी अमेरिकी काँग्रेससमोर (संसदेसमोर) चंद्राचे उद्दिष्ट जाहीर केले, तेव्हा माणसाला अवकाशात नेण्याचा अमेरिकेचा सारा अनुभव ॲलन शेपर्ड यांच्या एका उड्डाणापुरता, म्हणजे जेमतेम १५ मिनिटांचा होता. पुढे नोव्हेंबर १९६२ मध्ये नासाचे प्रमुख जेम्स वेब यांनी विज्ञानाची बाजू मांडताच केनेडी यांनी आपल्याला अवकाशात तेवढा रस नसल्याचे सांगितले. त्या बैठकीचे ध्वनिमुद्रण आज कोणालाही ऐकता येते.

मृगनक्षत्र

आपण तारखा अचूक दिल्या आहेत, परंतु त्यांवरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. रॉकेटने पृथ्वीबाहेर जाता येईल, याचे गणित रशियन शास्त्रज्ञ त्सिओल्कोव्स्की यांनी १९०३ मध्येच प्रसिद्ध केले होते आणि तेव्हा शीतयुद्धाचा मागमूसही नव्हता. सोव्हिएत रॉकेट अभियंते सर्गेई कोरोल्योव यांनी १९३० च्या दशकात मॉस्कोतील हौशी मंडळींबरोबर रॉकेटे बनवली, स्टालिनच्या काळात कोलिमाच्या श्रमछावणीत हालअपेष्टा सोसल्या, आणि तरीही अवकाशाचा ध्यास सोडला नाही. सरकारला क्षेपणास्त्र हवे होते. त्यावर उपग्रह बसवण्याची कल्पना कोरोल्योव यांनीच राज्यकर्त्यांच्या गळी उतरवली. चढाओढीने पैसा पुरवला हे खरे, परंतु तिने घाईही लादली.

अमेरिकेचे दोन आसनी जेमिनी यान माणसांसह उडण्यापूर्वी तिघांना पाठवल्याचे श्रेय मिळावे, म्हणून १२ ऑक्टोबर १९६४ रोजी व्होस्खोद-१ हे सोव्हिएत यान सोडण्यात आले. गागारिन एकटे बसले होते त्याच धाटणीच्या गोलकातून सुटकेचे आसन काढून तेथे तीन आसने दाटीवाटीने बसवली गेली. अवकाशपोशाख घालून तिघे मावत नव्हते, म्हणून पोशाखच वगळले गेले, आणि उड्डाणाच्या सुरुवातीला रॉकेट बिघडले असते तर आतील माणसांना वाचवण्याचा मार्ग नव्हता. ते तिघे सुखरूप परतले, परंतु त्यांच्यातील व्लादिमिर कोमारोव यांचा एप्रिल १९६७ मध्ये सोयुझ-१ चे पॅराशूट न उघडल्याने मृत्यू झाला. त्या यानाच्या मानवरहित चाचण्यांमध्ये गंभीर दोष आढळले असतानाही त्यांना पाठवण्यात आले होते. ज्या चढाओढीने असे बळी घेतले, तिला अवकाशयुगाची जननी म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

पानगळ

मी धागालेखकांच्या बाजूने आहे, कारण चढाओढ संपली की रसही संपतो, हे वारंवार दिसते. व्हॅलेन्तिना तेरेश्कोवा यांचे उड्डाण १९६३ चे. त्यानंतर दुसरी स्त्री अवकाशात जायला १९ वर्षे लागली, आणि स्वेतलाना सावित्स्काया यांची ती पाळी आली तीही अमेरिकेत सॅली राइड यांची तयारी चालू असताना! अर्थात २० सप्टेंबर १९६३ रोजी केनेडी यांनी संयुक्त राष्ट्रांत सोव्हिएत संघापुढे संयुक्त चांद्रमोहिमेचा प्रस्ताव ठेवला होता, हेही नोंदवायला हवे. दोनच महिन्यांनी त्यांची हत्या झाली.

निरभ्र

मृगनक्षत्र, कोमारोव यांच्याविषयी आपण लिहिलेले वाचून मलाही वाईट वाटते. परंतु त्या घाईतून माझेच म्हणणे सिद्ध होते, कारण उड्डाण केव्हा करायचे हे अभियंत्यांच्या हाती नव्हतेच. प्रेरणा चांगली होती, असे मी कोठेही म्हटलेले नाही. १९६६ च्या सुमारास अमेरिकी केंद्र सरकारच्या खर्चातील चार टक्क्यांहून अधिक वाटा नासाला मिळत होता; केवळ जिज्ञासेपोटी कोणते सरकार एवढी रक्कम देईल? जुलै १९६९ मध्ये माणूस चंद्रावर उतरवून अमेरिकेने शर्यत जिंकली आणि १९७० मध्येच तिच्या नियोजित अपोलो चांद्रमोहिमांपैकी शेवटच्या तीन रद्द झाल्या.

मृगनक्षत्र

त्या मोहिमा रद्द झाल्यावर काय घडले, तेही पाहावे. शास्त्रज्ञांनी आग्रह धरला, म्हणूनच डिसेंबर १९७२ मधील अपोलो-१७ वर हॅरिसन श्मिट या भूवैज्ञानिकाला जागा मिळाली. शर्यत जिंकून तीन वर्षे झाली होती, त्यामुळे त्यांना पाठवून कोणावर कुरघोडी करायची नव्हती. त्याआधी १९७१ मध्ये, शीतयुद्ध चालू असतानाच, लूना-१६ या मानवरहित सोव्हिएत यानाने आणलेली चंद्रावरची माती सोव्हिएत विज्ञान अकादमीने अमेरिकेला दिली आणि अपोलोने आणलेले नमुने घेतले. लूना-१६ ने आणलेली सगळी माती मिळून सुमारे १०० ग्रॅम होती, आणि तिच्यातला वाटा त्यांनी प्रतिस्पर्ध्याच्या प्रयोगशाळेत तपासायला पाठवला.